जडवस्तुसंग्रह

छप्पर उतरवायच्या आधी सगळ्याची नोंद हवी,
म्हणाले फादर. आणि मी तर चौतीस वर्षं
महापालिकेच्या शाळेत हेच करत आलो:
बाक, फळे, पृथ्वीचे गोल, मोडके तराजू.
तेव्हा वही आणली, रकाने आखले,
वर्णन, नग, स्थिती, शेरा,
आणि टेप धरायला बस्त्यावची नात घेतली, झेल्मा.

भिंती: दगड, चुना. जाडी साडेतीन हात.
खिडकीच्या कोनाड्यात एक पोर आडवं झोपू शकतं.
झोपलं. उठवून पुढे गेलो.

खिडक्या अकरा. तावदानं काचेची नाहीत, शिंपल्यांची,
नखाएवढी पातळ, रांगेनं खोबणीत सरकवलेली.
बाहेर मेट्रोच्या खांबावर तापलेलं ऊन
आत येतं ते निवून, पेजेच्या रंगाचं.
सातवीला एका चौकोनात हिरवी काच.
बहात्तर सालचा चेंडू. चेंडू माझा.
शेरा कोरा ठेवला.

पुल्पिट सागवानी, चढायच्या पायऱ्या गहाळ.
खाली पाच नागिणी, कमरेपासून वेटोळं,
डोक्यावर सगळा भार,
विहिरीवरून परतणाऱ्या बायांसारख्या.
नाकं चपटी, कानांत कुड्या.
ज्यानं कोरल्या त्यानं स्वर्ग पाहिला नसावा,
पाणवठा पाहिला होता.

बाप्तिस्म्याची कुंडी, एकसंध काळा दगड.
इथे माझं नाव दुमिंग झालं,
आईच्या मनात दुसरं होतं म्हणे.
ते कुठल्या रकान्यात जातं?

फरशीत थडगी एकोणीस.
अक्षरं पोर्तुगीज होती, आता पायांची झाली.
एकावर नुसती कवटी शिल्लक.
तिच्यावर पाय पडला की परीक्षेत नापास, अशी आमची समजूत.
मी कधी पडू दिला नाही.
गणितात गेलो तो गेलोच.

पापकबुलीची पेटी: जाळी एक,
भोकं तीनशे बारा (मोजणार झेल्मा).
गुडघ्यांची फळी दोन जागी खळगलेली,
उजवा खळगा डाव्याहून खोल.
वाळवी आहे, पण फक्त फादरांच्या बाजूला.
हे त्यांना वाचून दाखवलं नाही.

घंटेला तडा. कुणी वाजवत नाही,
पण वरून गाडी गेली की आपली आपण
जरा वेळ गुणगुणते.

मग मोठी वेदी. सोन्याचा वर्ख, बराचसा शाबूत.
मागे जायला हातभर बोळ आहे, कोणी जात नाही.
बॅटरी लावली. मागे सोनं नव्हतं.
कच्चं लाकूड, तासणीचे वण, एक विसरलेली पाचर,
आणि कोळशानं लिहिलेला हिशेब, मोडीत.

मोडी मला अर्धीच येते.
फळ्या चाळीस. सरस. सुपारी. उचल तीन.
पुन्हा सुपारी.
आणि सगळ्यात खाली, जरा तिरकं:
आज काम नाही. मूल

पुढचं वाळवीनं नेलंय.
आलं असेल. गेलं असेल.
एवढ्याशा क्रियापदासाठी मी गुडघ्यांवर बसलो,
फुंकर मारली, बोटानं चाचपलं.
लाकडाचं पीठ हाताला आलं, बाकी काही नाही.

झेल्मानं विचारलं, आजोबा, प्रार्थना करताय?
म्हटलं, वाचतोय.

तीन वीत वर, उजवीकडून पाच वीत. माप घेतलं,
समोर येऊन तेच माप लावलं.
देवदूतांची रांग, गालफुगे, पंख मानेला चिकटलेले,
सगळे टक्क बघणारे.
आणि तिथे, त्याच जागी, एक चेहरा
इतरांच्या निम्म्याएवढा. डोळे मिटलेले.

इतकी वर्षं मिस्साला पहिल्या बाकावर बसलो,
आणि दिसला नव्हता.

नग एक.
स्थिती?
पेन तसंच धरून उभा राहिलो.
झेल्मानं मान तिरकी करून पाहिलं, म्हणाली,
झोपलंय ते.

तेच लिहिलं.